आमची गाजरघास-मुक्त कॉलनी

६ जुलै, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून नोंदवही सुरू. ही डायरी नव्हे. डायरी भावनाप्रधान माणसं लिहितात. ही शास्त्रीय नोंदवही असून वाचक फक्त मी. आमच्या सौ. इंदूच्या हाती लागू नये म्हणून जुन्या गॅरंटी कार्डांच्या फाइलमध्ये ठेवणार. ती फाइल आमच्या घरात कोणी उघडत नाही.

विषय: कॉलनीच्या मागचा रिकामा प्लॉट. पाऊस सुरू झाल्यापासून तिथे गाजरघास नुसती माजली आहे. महाराष्ट्रात गाजरगवत म्हणतात, आमच्या इंदुरात गाजरघास. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल ॲस्टरेसी. एकतीस वर्षं हायर सेकंडरीला बॉटनी शिकवली, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. शहर स्वच्छतेत एक नंबर आणि माझ्या खिडकीतून दिसतं काय, तर हे.

संकल्प: १५ ऑगस्टपर्यंत कॉलनी गाजरघास-मुक्त.

इंदू म्हणाली, नगर निगमवाल्यांना फोन करा, तुम्ही कशाला त्यात हात घालता. तिला सांगितलं की शास्त्रज्ञ हातच घालतो.

दुसरा विषय: अबोली. नात. वय सात. मुलगा हृषीकेश आणि निवेदिता दोघांचं ऑफिस विजयनगरला, म्हणून जूनपासून शाळेची बस तिला दीड वाजता आमच्या गेटाशी सोडते आणि ते दोघं सात वाजता घेऊन जातात. म्हणजे रोज साडेपाच तास ती माझी. सूनबाईंनी स्पष्ट सांगितलंय की हे वर्ष ट्रायल, जमलं नाही तर विजयनगरलाच एक डे-केअर आहे. जमलं नाही तर म्हणजे काय? एकतीस वर्षांत पाच हजार मुलं सांभाळली मी.

७ जुलै, सोमवार. सकाळी ९.२०
मोहिमेचा पहिला दिवस. मुळासकट उपटलेली रोपं: २१४. कार्यकर्ते: मी. शेजारचा मारुती खुर्ची टाकून बसला होता. सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे बसणं हे त्याचं कामच. हातमोजे देऊ केले त्याने. म्हणाला, भिया, ये घास खुजली करती है, पहन लो. त्याला समजावलं की बॉटनीवाल्याच्या बोटांना पानावरची लव कळली पाहिजे. त्यावर तो म्हणाला, लव तो भिया आपको भी कळेल, थांबा जरा. अडाणी माणूस आहे, पण मनाने चांगला.

१० जुलै, गुरुवार
एकूण ६९०. मनगटाला थोडी खाज. निदान: डास. प्लॉटवर पाणी साचलंय.

१३ जुलै, रविवार. रात्री ९
मारुतीने कुर्ता छापून आणला! पांढरा, पाठीवर हिरव्या अक्षरांत ‘गाजरघास-मुक्त कॉलनी’, खाली नाव: प्रो. रघुवीर सबनीस. मी प्रोफेसर नव्हतो, व्याख्याता होतो, पण छापलेलं आता कुठे बदलणार. चौक पार करून दूध आणायला गेलो तर तिघांनी वळून पाहिलं.

इंदूने संध्याकाळी तो मशीनमध्ये टाकायला घेतला. हातातून काढून घेतला. धुतला की रंग जाणार. शिवाय कार्यकर्त्याच्या कुर्त्याला माती असलीच पाहिजे. स्वच्छ कुर्त्याचा कार्यकर्ता म्हणजे नेता. नियम केला: मोहीम संपेपर्यंत कुर्ता धुवायचा नाही, रोज तोच घालायचा.

१६ जुलै, बुधवार. दुपारी ३
अबोली आत्ता माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितो. बसमधून उतरली की दप्तर फेकते आणि धावत येऊन कुर्त्यात तोंड खुपसते. मग गेटापासून ओट्यापर्यंत पाठुंगळी. हे रोजचं. निवृत्तीनंतर मी घरी आलो की धावत येणारं कोणी राहिलं नव्हतं. इंदू येते, पण ती पिशवीत काय आणलं ते बघायला.

आज तिला गाजरघासीचं पान ओळखायला शिकवलं. एकदाच सांगितलं, गाजराच्या पानासारखं कापलेलं, फूल साबुदाण्याएवढं पांढरं. लगेच रस्त्याकडेला बोट दाखवलं. आबा, वो रही. थेट माझ्यावर गेली आहे.

तिच्या मानेवर लाल पुरळ दिसतंय. निदान: घामोळ्या. पावडर लावली.

१९ जुलै, शनिवार
एकूण १,८३०. उपटलेली रोपं पोत्यांत भरून गच्चीवर वाळत टाकली आहेत, खत करणार. इंदू विचारत होती की गच्चीवर पापड कुठे घालू. पापड विकत मिळतात, कंपोस्ट मिळत नाही.

माझ्या पापण्या सुजल्या आहेत. मानेच्या दोन्ही बाजूंना चट्टे, कोपराच्या आतल्या वळीत आग. शांतपणे विचार केला. घरात गेल्या पंधरा दिवसांत नवीन काय आलं? साबण! इंदूने गुलाबाच्या वासाचा साबण आणलाय. निदान झालं. साबण तात्काळ बंद. मीही लावणार नाही, अबोलीलाही लावू द्यायचा नाही, आल्यावर नुसते पाण्याने हातपाय. इंदू तोच साबण लावते आणि तिला काही झालेलं नाही, पण तिची कातडी मुळातच जाड. हे तिला बोललो नसतो तर बरं झालं असतं.

२४ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ७.४०
आजचा दिवस नोंदवायचा नाही असं ठरवलं होतं. तरी शास्त्राशी प्रामाणिक राहून नोंदवतो.

दुपारी अबोलीच्या मानेवर, हातांवर आणि डोळ्यांभोवती खूप पुरळ दिसलं. रडत होती, खाजवून रक्त काढलं होतं. पाहताक्षणी ओळखलं: कांजिण्या. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, शाळेत फोन केला, बसवाल्याला कळवलं. शाळेने दुसरीच्या अख्ख्या वर्गाला उद्या घरीच राहायला कळवलं. हृषीकेश मीटिंग सोडून आला, निवेदिता रिक्षाने. लहान मुलांच्या डॉक्टरांनी अर्धं मिनिट पाहिलं आणि म्हणाले की कांजिण्या अजिबात नाहीत, कशाची तरी ॲलर्जी आहे, कपडे, झाडं, काय लागतं ते शोधा, नाहीतर स्किनवाल्यांना दाखवा.

वर्गातल्या पस्तीस आयांनी निवेदिताला फोन केले. ती मला काहीही बोलली नाही. गाडीत बसताना मुलीला घट्ट धरलं आणि काच वर केली. रागावली असती तर मीही दोन शब्द बोललो असतो, विषय मिटला असता.

माझी बाजू: सावधगिरी कधीही वाईट नाही.

२५ जुलै, शुक्रवार
अबोली चार दिवस महूला, निवेदिताच्या आईकडे. घर ओकंबोकं. दीड वाजता बस गेटासमोरून न थांबता गेली. मी उभाच होतो.

उपटलेली रोपं: ४१०. दुपारीही गेलो. वेळ होता.

२९ जुलै, मंगळवार
आनंदाची बातमी. अबोली आली आणि अंगावर एक डाग नाही! गाल कसे लोण्यासारखे. महूची हवा. छावणीचं गाव, झाडं, शिस्त. फरक पडतोच.

१ ऑगस्ट, शुक्रवार
पुन्हा पुरळ. मान आणि पापण्या. म्हणजे सिद्ध झालं: दोष इंदूरच्या पाण्यात आहे. महूला चार दिवस वेगळं पाणी, पुरळ गायब, इथे आली की हजर. इतका स्वच्छ प्रयोग मी प्रयोगशाळेतही कधी पाहिला नाही.

इंदू म्हणाली, पाणी तर तिच्या आईवडिलांच्या घरीही हेच येतं, मग रविवारी कसं कमी होतं? आणि मी पिते त्याचं काय? मग जरा थांबून म्हणाली, महूला आणखी एक गोष्ट नव्हती. कोणती ते तिने सांगितलं नाही. कुर्त्याकडे बघत होती. ती आजकाल कोड्यात बोलते.

उपाय: अबोलीसाठी बाटलीबंद पाणी. मोहीम चालू.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०
कोपराची खाज आता असह्य. इतकी की काल मारुतीशी बोलताना मी गेटाच्या लोखंडावर हात घासत होतो. तो म्हणाला, भिया, डाक्टर को दिखा दो, शरम काय त्यात. शरम नाही. आपल्याला जे माहीत आहे ते डॉक्टरकडून ऐकायला रांगेत का बसायचं?

कृष्णपुऱ्याजवळच्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून बिब्बे आणले. आमची आत्या भेगाळलेल्या टाचांना बिब्बा घालायची. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की टिपका द्यायचा. नव्वद वर्षं जगली. बिब्बा उष्ण, खाज उष्ण, काट्याने काटा निघतो. पंसाऱ्याने विचारलं, बाबूजी किसके लिए? ओळखीच्यांसाठी म्हटलं. खाज पर मत लगाना, असं तो म्हणाला, पण तो दुकानदार.

कोपराच्या वळीत दोन्हीकडे तीन-तीन टिपके. थोडी आग झाली. म्हणजे गुण येतोय.

५ ऑगस्ट, मंगळवार
आज मोहिमेला सुट्टी. लांब बाह्यांचा शर्ट घातलाय. काढता येत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
इंदूने कात्रीने बाही कापली. आत बघून म्हणाली, बिब्बा उतलाय. एका नजरेत. कोपरापासून मनगटापर्यंत फोड, द्राक्षाएवढे, त्यातून पाणी. मग ती बसून रडली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, माझ्यासाठी तिला रडताना दुसऱ्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर सोपं होतं.

उद्या स्किन स्पेशालिस्ट. तिने निवेदितालाही बोलावलंय, अबोलीला घेऊन. मी जाणार, पण केवळ इंदूच्या समाधानासाठी.

७ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी २
डॉक्टर निघाली आमचीच विद्यार्थिनी, ऋजुता. बारावीला तिसऱ्या बाकावर बसायची. मला पाहून उठून उभी राहिली. रांगेतल्या लोकांनी ते पाहिलं याची नोंद घेतो.

तिने आधी विचारलं नाही, नुसतं बघितलं. पापण्या, मानेच्या बाजू, कोपराच्या वळ्या. मग शर्टाखालची पाठ आणि पोट. तिथे एक डाग नाही. मग अबोलीला तसंच बघितलं. मग विचारलं, सर, आजकाल बगीच्यात वगैरे काम करता का? निवेदिताने मोबाइलवर माझा कुर्त्यातला फोटो दाखवला. ऋजुताने पाठीवरचं नाव दोनदा वाचलं.

तिचं म्हणणं असं: हे गाजरघासीचं. जे अंग उघडं तिथे उठतं, कपड्याखाली नाही. परागकण आणि वाळल्या पानांची धूळ उडते, म्हणून पापण्यांवरही बसते. पावसाळ्यात वाढतं, दुसऱ्या गावी गेलं की बरं होतं. हाताचे फोड बिब्ब्याचे, ते वेगळं दुखणं, त्यातून जंतू शिरले असते तर हात गेला असता. नक्की व्हायला पॅच टेस्ट करू, पण तिला शंका नाही.

मी तिला सांगितलं की पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ती म्हणाली, हो सर, तेच.

उपाय ऐकून हसू आलं. पहिला, त्या झाडापासून लांब राहायचं. दुसरा, साबण! अंगाला लागलं की लगेच साबण आणि भरपूर पाणी, कपडे वेगळे धुवायचे. गार पाण्याच्या घड्या, ती देईल तेच मलम, तीच गोळी, मनाने काही लावायचं नाही. गच्चीवरची पोती आजच निगमच्या गाडीत बंद करून द्यायची, जाळायची तर मुळीच नाहीत, धूर त्याहून वाईट.

मी विचारलं, अबोली तर प्लॉटवर कधी गेली नाही. तिला कसं? गच्चीवरसुद्धा आम्ही जाऊ देत नाही.

ऋजुताने निवेदिताकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, सर, तिला तुमच्यापासून लागतं. रोग नाही लागत, तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. कुर्त्यावरून धूळ लागते. तुम्ही तिला उचलता ना?

 परत येताना रिक्षात अबोली माझ्या मांडीवर बसायला आली तर निवेदिताने तिला आपल्याकडे घेतलं.

तिच्या निदानात काही उणिवा आहेत. सवडीने लिहीन.

८ ऑगस्ट, शुक्रवार
फ्रिजवर निवेदिताच्या अक्षरात कागद. मोहीम बंद. कुर्ता गरम पाण्यात, वेगळा. बाबांनी एक वाजता साबणाने आंघोळ करून धुतलेले कपडे घालायचे, मगच अबोलीला घ्यायचं. खाली लिहिलंय की बाबा, ही शेवटची संधी आहे असं समजा, मला असं लिहायला आवडत नाही.

वाचून राग आला. मग दुसऱ्यांदा वाचलं तर शेवटच्या ओळीजवळ पेन बराच वेळ टेकलेलं दिसलं. शाईचा ठिपका होता.

सगळं मान्य केलं.

११ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३.१५
अबोलीची मान कोरी करकरीत. माझ्या पापण्या उतरल्या. दंडावर झोपली आहे. साबणाचा गुलाबी वास येतोय, दोघांनाही. आज तिने विचारलं की आबा, तुम्ही माझ्या लग्नापर्यंत असाल का. म्हटलं, तुझ्या नातीच्याही. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. असंच चालू राहिलं तर मला दुसरं काही नको. खरंच नको.

मोहीम मारुतीने बघावी. तो हातमोजे घालून दिवसाला बारा रोपं उपटतो, तीही खुर्चीवर बसून.

१४ ऑगस्ट, गुरुवार. सायंकाळी ६
मारुती आला होता. उद्या झेंडावंदनाला आमच्या वॉर्डाचे पार्षद येणार. गाजरघास मोहिमेसाठी कॉलनीला प्रशस्तिपत्र देणार, माझ्या हातात. पेपरवालाही येणार. मारुतीचं म्हणणं, भिया, मेहनत तुमची, हम तो बस फोटो में खडे हैं. एक झाड कॅमेऱ्यापुढे उपटून दाखवा, बस. कुर्ता पहन के.

त्याला सांगितलं, बंद केलंय मी. तो म्हणाला, एक झाड में क्या होता है.

विचार केला. कुर्ता आता धुतलेला आहे. झाड एकच. तेही डाव्या हाताने. लगेच घरी येऊन साबण. तिन्ही नियमांचं पालन होतं. घरात सांगण्याची गरज नाही, उगाच काळजी करतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १२
प्रशस्तिपत्र मिळालं. लॅमिनेशन केलेलं. टाळ्या भरपूर.

एक झाड फोटोत दिसेना म्हणाला पेपरवाला. मोठं काहीतरी पाहिजे, कवेत भरून. म्हणून दोन्ही हातांत मावेल एवढा भारा घेतला. फुलांवर आलेला होता, पांढरी भुकटी दिसत होती उडताना. त्याने तीन वेळा घ्यायला लावला.

मुलं झेंडावंदनाला येणार हे मला माहीत नव्हतं. इंदूने सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. अबोली पांढऱ्या फ्रॉकमध्ये, हातात छोटा झेंडा, गर्दीतून धावत आली. आबा म्हणत. पेपरवाला ओरडला, बच्ची के साथ, बच्ची के साथ! सगळे बघत होते.

एक मिनिटच उचलली. एक मिनिटात काय होणार.

१६ ऑगस्ट, शनिवार
फोटो पेपरात आला. पान पाच. तिने गाल माझ्या छातीला टेकवलाय आणि दोघं हसतोय. सुंदर फोटो आहे.

हृषीकेश फोन उचलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
अबोलीचा उजवा डोळा पूर्ण बंद झाला. सूज ओठापर्यंत. काल दुपारपासून दवाखान्यात ठेवलंय, सलाइन लावलं. इंदू गेली आहे. मला येऊ नका म्हणाले. हृषीकेश म्हणाला, बाबा, आंघोळ करूनही नका येऊ.

२१ ऑगस्ट, गुरुवार
घरी सोडलं. डोळा वाचला, नजर चांगली आहे. ऋजुताने इंदूला सांगितलं की पुन्हा असं झालं तर प्रत्येक वेळी जास्तच होईल.

काही मुद्दे. (१) कुर्ता धुतलेला होता. (२) भाऱ्याची मागणी पेपरवाल्याची. (३) मुलीला गर्दीत मोकळं सोडलं कोणी? (४)

चौथा मुद्दा आठवला की लिहीन.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
मुलं आली नाहीत. व्हिडिओवर दर्शन घेतलं. अबोलीने आरती म्हटली, अर्धी मराठीत आणि अर्धी मनाने. मी पडद्याजवळ गेलो तर निवेदिता म्हणाली, बाबा, जवळ गेलात तरी चालेल, हा फोन आहे. मला हसवायचं होतं तिला बहुतेक. 

एकवीस मोदक केले होते इंदूने. आठवडाभर आम्ही दोघंच खाणार.

१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २
आजपासून अबोली डे-केअरला. एसी आहे, कॅमेरे आहेत, चार वाजता दूध. बस इथून जातच नाही, मार्ग बदलला. तरी दीडला गेटाशी गेलो. सवय मोडायला वेळ लागतो, यात भावनिक काही नाही.

संकल्प: हे तात्पुरतं आहे. दिवाळीपर्यंत माझी त्वचा पूर्ण बरी करून त्यांच्यापुढे रिपोर्ट ठेवायचा. मग कोणाला बोलायला जागाच उरणार नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
रिपोर्ट आला. पॅच टेस्टमध्ये गाजरघासीच्या चौकोनात पाठीवर फोड. माझी ॲलर्जी आता कायमची. ऋजुता म्हणाली, सर, तुमच्या शरीराने गाजरघास ओळखून ठेवली आहे, आता विसरणार नाही. म्हटलं, शरीर विद्यार्थी असतं तर शाबासकी दिली असती. ती हसली नाही. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने खिडक्या बंद, वारा असेल तेव्हा बाहेर जायचं नाही. आणि मुलीच्या बाबतीत निर्णय तिच्या आईवडिलांचा, असं म्हणाली.

रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
बंद खिडकीच्या काचेतून प्लॉट बघितला. गाजरघास होती तशी परत आली आहे. किंबहुना जास्त. एका रोपाला हजारो बिया असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो.

मारुतीने हातमोजे परत केले सोसायटीत. म्हणाला, भिया, अगले साल देखेंगे. कुर्ता त्याने मागितला. देऊन टाकला.

इंदू आजकाल दुपारी माझ्याजवळ येऊन बसते.  भाजी निवडते.

५ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५
अबोली आली होती. पन्नास मिनिटं. मी सकाळपासून दोनदा आंघोळ केली, नवा शर्ट घातला, इंदूने दोन वेळा फरशी पुसली. निवेदिताने मला काही सांगितलं नाही, तरी मी आपण होऊन लांबच्या खुर्चीवर बसलो. अबोली सोफ्यावर. पुढचा दात पडलाय. डे-केअरमध्ये शुभ्रा नावाची मैत्रीण झाली आहे. हिंदी फार बोलायला लागली आहे, अब घर जाना है म्हणते. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. त्वचा अगदी नितळ. एकही डाग नाही, दीड महिना झाला.

जाताना म्हणाली, आबा, मेरा प्रोजेक्ट देखो. वर्गात ॲलर्जीचा धडा झाला, प्रत्येकाने आपलं पान करायचं होतं. वर लिहिलं होतं, मुझे इनसे दूर रहना है. खाली तीन चित्रं. पहिलं गाजरघास. पान इतकं अचूक काढलंय की माझ्या अकरावीच्या पोरांना जमायचं नाही. दुसरं, वाळलेल्या झाडांचं पोतं. तिसरा मी. चष्मा, मिशी, पांढरा कुर्ता. पाठीवरची हिरवी अक्षरं पुढून दिसावीत म्हणून छातीवर काढली आहेत. खाली नाव, मेरे आबा.

निवेदिताचा चेहरा उतरला. वही मिटायला आली, म्हणाली, बाबा, लहान आहे हो ती, तिला कळत नाही. मी वही सोडली नाही. अबोली वाट बघत होती मी काय म्हणतो त्याची. तिला सांगितलं, पान फार छान काढलंस. ती म्हणाली, और आप? म्हटलं, मीही छान आलोय. ती खूश झाली. मग लांबूनच हात हलवला आणि गाडीत बसली.

तिच्या मॅडमने लाल शाईने तपासलं होतं. तिन्ही चित्रांपुढे बरोबरची खूण. मी बराच वेळ ते पान धरून होतो. एकतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, कुठेतरी चूक सापडेल म्हणून बघत होतो. सापडली नाही. मीही पूर्ण मार्क दिले असते.